फळ्यावरचा घाट

माण तालुक्यात पाऊस कमी आणि ड्रायव्हर जास्त, असं आमचे शाळेतले गुरुजी चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा असली तरी त्यात खोटं फारसं नव्हतं. रान कोरडवाहू. बाजरी आली तर आली, नाहीतर कडब्यावर समाधान. म्हणून घरटी एखादा गडी मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, आणि एखादा ट्रकवर.

मी ट्रक जवळून बघितला तो १९७२ च्या दुष्काळात. तेरा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडा मिलो. तो मिलो घेऊन ट्रक यायचा. आधी लांबवर धुरळा दिसायचा, मग आवाज, मग गाडी. पोती उतरेपर्यंत आम्ही पोरं चाकांना हात लावून बघायचो. चाक गरम असायचं. का गरम असतं, हे कुणाला विचारायचं सुचलं नाही. ते कळायला पुढं वीस वर्षं लागली, आणि कळलेलं दुसऱ्याला सांगताना मी एकदा चुकलो. ती चूक लिहून ठेवावी म्हणून हे लिहितोय.

त्या काळी आमच्याकडं ट्रकला 'मर्सिडीज' म्हणत. टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले होते. पंधरा वर्षांनी करार संपला आणि १९६९ पासून गाडीच्या तोंडावर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. पण माणसांच्या तोंडातला तारा काही गेला नाही. एखाद्याचा मुलगा ट्रकवर लागला, की "मर्सिडीजवर हाय" असं म्हातारे अभिमानानं सांगत.

मी दहावी पास झालो आणि १९७६ साली मर्सिडीजवर किन्नर म्हणून लागलो. किन्नर म्हणजे क्लीनर. गाडी पुसायची, ताडपत्री बांधायची, दोर आवळायचे, टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायची, स्टोव्हवर भात-कालवण करायचं आणि वस्तादाचे पाय चेपायचे. घाटात गाडी थांबली, की ती पुरती थांबायच्या आत उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावायचा. पगार नव्हता. दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला कापडं.

शिकवणं असं काही नव्हतंच. वस्ताद सांगायचा नाही, मी बघायचो. डबल क्लच कसा मारतो, वळणाच्या किती आधी गिअर पाडतो, समोरच्यानं दिवा मारला की काय समजायचं. चुकलं की डोक्यात टपली. दोन-तीन वर्षांनी रात्री, रस्ता मोकळा असताना, वस्ताद बाजूला सरकून म्हणायचा, "बस." तो आमचा पहिला धडा आणि तीच परीक्षा.

माझे वस्ताद शेजारच्याच गावचे. शाळेत गेलेले नाहीत. सही करायचे ती मोडीसारखी एक वळणाची रेघ. पण सातारा ते मंगळूर रस्त्यावरचा एकेक खड्डा त्यांना पाठ. पाटी वाचता यायची नाही. पण पाटीचा रंग, तिच्याशेजारचं झाड आणि पलीकडचा ढाबा यावरून गाव ओळखायचे. मी एकदा विचारलं, "वस्ताद, रात्री झाड दिसत न्हाई तवा?" म्हणाले, "तवा वास येतू. उसाच्या गुऱ्हाळाचा, न्हाईतर समिंदराचा." या माणसाला अडाणी म्हणायला माझी जीभ आजही धजत नाही.

त्यांनीच मला घाट उतरायला शिकवलं. आणि न्यूट्रलमध्ये टाकायलाही त्यांनीच शिकवलं.

न्यूट्रलचं गणित साधं होतं. मालक फेरीला ठरावीक डिझेल धरायचा. त्यातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं. पगार तुटपुंजा, मग वाचलेल्या डिझेलवर पोरांच्या वह्या, म्हातारीचं औषध. उतार लागला, की गिअर काढून गाडी मोकळी सोडायची. इंजिन गप, गाडी आपली आपण पळतेय. त्या शांततेत एक नशा असायची. वस्ताद म्हणायचे, "देव फुकट नेतोय, नेऊ दी." मी स्वतः ट्रक चालवला तेवढी अकरा वर्षं, १९८१ पासून १९९२ पर्यंत, कितीतरी उतार असे उतरलो. माझं काही झालं नाही. काही झालं नाही हाच आम्हा सगळ्यांचा पुरावा होता.

१९९२ ला कमरेचा मणका सरकला आणि गाडी सुटली. मोटार मेकॅनिकचा कोर्स करून मी सर्टिफिकेट मिळवलं आणि वर्षभरात आमच्या भागातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो. नवा कायदा आल्यामुळं मला ही नोकरी मिळाली होती.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. आपल्याकडं मोटारींचा पहिला देशभराचा कायदा १९१४ चा. तेव्हा मोटार म्हणजे साहेबाची नाहीतर संस्थानिकाची. मग १९३९ चा कायदा आला. मी लायसन काढलं ते त्या कायद्याखाली. गाडी चालवून दाखवली, चार चिन्हं ओळखून दाखवली, झालं. आधी अमुक दिवस वर्गात बसलाच पाहिजेस, असं मला कुणी म्हटलं नाही. त्यानंतर १९८८ चा कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्याबरोबर १९८९ चे केंद्रीय नियम आले. त्यात ड्रायव्हिंग स्कूलनं काय शिकवायचं याचा अभ्यासक्रमच लिहून दिलेला होता. ट्रक, बस, टेंपो अशा वाहतुकीच्या गाड्यांसाठी शिकवणीचा काळ किमान तीस दिवस. गाडी चालवण्याची थिअरी, रस्त्याचे नियम, गाडीची यंत्रणा आणि दुरुस्ती, अवजड गाडीची वेगळी थिअरी, आग लागली तर काय करायचं, गाडीची निगा, प्रथमोपचार. एवढंच काय, ड्रायव्हरनं लोकांशी कसं वागावं याचाही एक भाग होता. पाय चेपून शिकलेल्या मला तो कागद पहिल्यांदा वाचताना हसू आलं, आणि मग थोडं रडूही आलं. आमच्या धंद्यालाही अभ्यासक्रम असू शकतो, हे कुणाला तरी वाटलं होतं.

शाळेत काय काय असावं हेही नियमात होतं. फळा, बाकं, वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, पोलिसाच्या हाताच्या इशाऱ्यांचा तक्ता, रस्त्याचा नकाशा काढलेला बोर्ड, इंजिन, गिअर बॉक्स, ब्रेकचा ड्रम आणि शू, पंक्चरचं सामान, जॅक, हवा मोजायचं मीटर, औषधाची पेटी. शिकवणारा दहावी पास पाहिजे आणि त्याला पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव पाहिजे. माझ्याकडं दोन्ही होतं. स्टँडच्या मागं पत्र्याची एक खोली, तिच्यात हे सगळं मांडलेलं. दुपारी पत्रा तापला की खडूसुद्धा गरम लागायचा.

समोर बसायचे ते बहुतेक किन्नर. तीन-चार वर्षं गाडीवर काढलेले, हात काळे, डोळे जागरणानं तांबडे. गाडी त्यांना येतच होती. त्यांना पाहिजे होता फॉर्म नंबर पाच, म्हणजे शाळेचं सर्टिफिकेट. वाहतुकीच्या गाडीचं लायसन पाहिजे तर तो कागद जोडावाच लागायचा. त्यामुळं पहिल्या दिवशी त्यांची तोंडं अशी, की शेतातल्या बैलाला कुणी शाळेत आणून बांधलाय.

मी त्यांच्या भाषेत सुरुवात करायचो. गोल पाटी म्हणजे मालकाचा हुकूम, मोडला तर दंड. त्रिकोणी पाटी म्हणजे म्हातारीनं सांगितलेलं, "पुढं जपून जा रं." चौकोनी पाटी म्हणजे वाटेत भेटलेला शहाणा माणूस, तो नुसती माहिती देतो. हे त्यांना पटकन कळायचं.

मग गणित. साठच्या वेगानं गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते, म्हणजे एका सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा जास्त. आडवं पोर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच गाडी एवढी पुढं गेलेली. मी त्यांना बाहेर रस्त्यावर नेऊन पावलांनी ते अंतर मोजायला लावायचो. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. हे चौपट कुणालाच पटायचं नाही. "मास्तर, दुपटीचं चौपट सावकाराकडं हुतं," असं एकजण म्हणाला होता. मी म्हटलं, "रस्ता सावकारच हाय लेका."

१९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा मी वाचून दाखवायचो. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, मध्ये अर्धा तास तरी विश्रांती. हे ऐकून सगळा वर्ग हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा नाही. मीही छत्तीस-छत्तीस तास जागून गाडी मारली होती.

एका कलमाला मात्र कुणी हसायचं नाही. १९८८ च्या कायद्याचं १३४ वं कलम. अपघात झाला तर ड्रायव्हरनं जखमी माणसाला औषधपाणी मिळेल अशी सगळी खटपट केली पाहिजे, असं त्यात आहे. पण त्याच वाक्यात एक सूट आहे: जमावाच्या संतापामुळं किंवा आपल्या हातात नसलेल्या दुसऱ्या कारणामुळं ते शक्य नसेल तर. मी हे वाचलं, की खोलीत शांतता व्हायची. एकदा मागून आवाज आला, "म्हंजी कायद्यालाबी ठावं हाय." प्रत्येकानं कधी ना कधी जळणारा ट्रक बघितलेला असायचा, नाहीतर मार खाणारा ड्रायव्हर. मी सांगायचो, "पळायला लागलं तरी जवळच्या चौकीत पळ, घराकडं न्हाई."

आणि मग घाटाचा दिवस. तो मी एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी ठेवायचो, ब्रेक आणि गिअर बॉक्स उघडून दाखवून झाल्यावर. फळ्यावर घाट काढायचो, नागमोडी. वर एक ट्रक. खाली दरी.

त्यांना विचारायचो, "इहिरीत डिझेल इंजिन उतरवलंय का कुणी?" निम्मे हात वर. "कसं उतरवलं?" सगळ्यांना माहीत असायचं. इंजिनाला दोर बांधायचा आणि काठावरच्या झाडाच्या बुंध्याला दोराचे दोन-तीन वेढे द्यायचे. मग एक माणूसही दोर हळूहळू सोडू शकतो. वेढे न देता नुसत्या हातांनी दोर धरला तर तळव्यांची सालं निघतात, आणि सालं निघाली की दोर सुटतो.

"तर मग," मी सांगायचो, "गिअर म्हंजी त्यो झाडाचा वेढा. आन् ब्रेक म्हंजी तुमचा तळवा."

सहा चाकी गाडी भरून सोळा टनांच्या पुढं. तेवढं वजन डोंगरावरून खाली आणायचं म्हणजे त्या उंचीची सगळी ताकद वाटेत कुठंतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये असलं तर इंजिन ती जिरवतं. न्यूट्रलमध्ये असलं तर सगळी ब्रेकवर येते. ड्रम तापतो, लायनिंग तापतं आणि एका मर्यादेपलीकडं धरेनासं होतं. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. सारखा सारखा ब्रेक मारून हवा संपते, आणि इंजिन मंद फिरत असल्यामुळं नवी हवाही सावकाश भरते. मग माणूस घाबरून गिअर टाकायला जातो. पण वेग एवढा वाढलेला असतो, की खालचा गिअर पडतच नाही, नुसता कर्रकर्र करतो. म्हणून गिअर घाटाच्या तोंडाशी पाडायचा, उतारावर नाही. ज्या गिअरात भरली गाडी घाट चढेल, त्याच गिअरात ती उतरवायची. लहानपणी मिलोच्या ट्रकचं चाक का गरम लागायचं, ते मला असं कळलं होतं.

या एका दिवसासाठी बाकीचे एकोणतीस दिवस असतात, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

१९९९ च्या उन्हाळ्यात वस्ताद शाळेत आले. बरोबर त्यांचा धाकटा. एकवीस वर्षांचा, जीपचं लायसन काढून दोन वर्षं झालेली, ट्रकवर बापाच्याच हाताखाली तयार झालेला. वस्तादांना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे असं डॉक्टरच्या फॉर्मवर असतं. त्यांना दहावरची दिसायची नाही. गाडी पोराच्या हातात द्यायची घाई होती. मालकानं सांगितलेलं, महिन्यात लायसन आणा, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो.

पोरगा आठ दिवस आला. मग कांद्याचा हंगाम होता, गाडी निघाली, तो बदली ड्रायव्हरबरोबर किन्नर म्हणून गेला. घाटाच्या दिवशी तो वर्गात नव्हता. महिना भरला तसे वस्ताद पुन्हा आले. बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मास्तर, त्येवढा कागुद दे."

मी शिकवायला लागल्यापासून ते मला मास्तर म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

मी म्हटलं, "वस्ताद, त्याचे दिवस भरलं न्हाईत. आठ दिवस येऊ द्या अजून."

ते म्हणाले, "मी शिकीवलंय त्येला. तुला कुणी शिकीवलं?"

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शाळेच्या मालकानं आतून मान हलवली, म्हणजे दे. फी तर पूर्ण भरलेली होती. मी चौदा नंबरचा फॉर्म, म्हणजे शिकणाऱ्यांच्या नोंदीचं रजिस्टर, पुढं ओढलं. पंधरा नंबरचं, गाडी चालवल्याच्या तासांचं रजिस्टर पुढं ओढलं. कोऱ्या जागा भरल्या. माझं अक्षर चांगलं आहे, गुरुजींनी घोटून घेतलेलं. ओळीनं 'हजर, हजर, हजर' लिहीत गेलो. मग पाच नंबरच्या फॉर्मवर सही केली. वस्तादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसाच, जसा पहिल्यांदा "बस" म्हणताना ठेवला होता.

कॅम्पच्या दिवशी पोरानं गाडी फार छान चालवून दाखवली. उलटी घेतली तीही एका दमात. लायसन मिळालं.

डिसेंबरात, लायसन हातात पडून सात महिने झाले असतील, साखरेची पोती भरून तो चिपळूणला निघाला. पाटण सोडून कुंभार्ली घाट उतरत होता. पहाटेची वेळ, रस्ता कोरडा, धुकं नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून गाडी हाताबाहेर गेली. दरी एका अंगाला, डोंगर दुसऱ्या अंगाला. पोरानं शेवटच्या क्षणी शहाणपण केलं, गाडी डोंगरावर घातली. दरीत गेला असता तर दोघंही गेले असते. पण डोंगर डाव्या अंगाला होता, आणि डाव्या अंगाला किन्नर बसतो.

किन्नर सोळा वर्षांचा होता. आमच्याच गावचा, खालच्या आळीतला. पोराचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गाडी बघायला जे गेले होते त्यांनी येऊन सांगितलं, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये होता.

मला कुणी काहीही विचारलं नाही. हेच मला इथं सांगायचं आहे. पोलिसांनी विचारलं नाही, विम्याच्या माणसानं विचारलं नाही, कुणी रजिस्टर मागितलं नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. तीस दिवस हजर. घाटाचा दिवस, हजर. ते माझंच अक्षर होतं.

मी किन्नराच्या घरी गेलो. त्याची आई चुलीपुढं बसलेली. मी शाळेत शिकवतो एवढं तिला ठाऊक होतं. म्हणाली, "गुरुजी, त्योबी तुमच्याकडं येणार हुता पुढल्या साली." मी तिला खरं सांगितलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढं ती गेली तोपर्यंतही नाही. एवढा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मालकाला म्हटलं, इथून पुढं दिवस भरल्याशिवाय मी सही करणार नाही. तो म्हणाला, "मग शाळा बंद करूया. पोरं पलीकडच्या शाळेत जातील, तिथं दोन दिवसांत मिळतो कागद." तेही खरं होतं. शेवटी तडजोड झाली. बाकीच्या दिवसांचं मी फार ताणणार नाही. पण घाटाच्या दिवशी जो नाही, त्याला माझी सही नाही. पुढच्या बॅचला थांबायचं, पुन्हा तो एक दिवस बसायचं, मग सही. ही काही मोठी मर्दुमकी नव्हे. तीस दिवसांतला एक दिवस मी राखला, एवढंच.

वस्ताद दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. बाजारात दिसले तर तोंड फिरवायचे. मला वाटायचं, सही केली म्हणून रागावलेत. त्यांना वाटायचं, मी त्यांना दोष देतो. दोघंही एकाच गोष्टीवरून गप्प होतो.

२००२ च्या सुमाराला एका घाटाच्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. हातात काठी. मी पोरांना सरकायला सांगितलं. ते मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर घाट काढला. त्यांना तो दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. विहिरीतल्या इंजिनाचं सांगितलं, झाडाच्या वेढ्याचं सांगितलं, तळव्याचं सांगितलं. ड्रम फिरवला, आतला शू दाखवला. ते उठून पुढं आले आणि ड्रमच्या आतून हात फिरवला, जसा आंधळा माणूस पोराच्या तोंडावरून फिरवतो.

म्हणाले, "ह्ये मला ठावं नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "ब्रेक सुटतू त्ये ठावं हुतं. का सुटतू त्ये ठावं नव्हतं. आमी म्हणायचू, नशीब."

मग पोरांकडं वळून म्हणाले, "म्या न्यूटल मारून आक्क्या जल्मात किती डिझेल वाचीवलं आसंल? दोन बॅरल? तीन?" पुढं काही बोलले नाहीत. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांच्या पोराचं ठाऊक होतं.

त्यानंतर डोळे पार जाईपर्यंत ते बऱ्याच घाटाच्या दिवशी यायचे. नव्या गाड्या आल्यावर मी सांगायला लागलो, की आता गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर उतारावर इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळत राहतं. म्हणजे ज्या पैशासाठी हे सगळं केलं, तोही त्यात नाही. हे ऐकून वस्ताद बराच वेळ काठीनं जमीन टोकरत बसले होते.

पुढं नियम बदलत गेले. २००७ साली नव्या माणसाला वाहतुकीच्या गाडीचं लायसन हवं तर आठवी पास असावा असं आलं. जुन्यांच्या नूतनीकरणाला ती अट नव्हती. आमच्याकडची कितीतरी हुशार पोरं त्या अटीत अडकली. मला दोन्ही बाजू दिसायच्या. वस्तादांसारखा माणूस या अटीत बसलाच नसता. आणि लोट्याच्या कारखान्यांकडं रसायनाचा टँकर नेणाऱ्याला मात्र वाचता आलंच पाहिजे. त्यांच्यासाठी वेगळं तीन दिवसांचं शिक्षण असतं. टँकरच्या पाठीवरचे आकडे ओळखावे लागतात: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे गॅस. केबिनमध्ये एक कार्ड असतं. गळती झाली तर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं. ते कार्ड वासावरून वाचता येत नाही. २०१९ साली ती आठवीची अट निघाली. २०२१ च्या १ जुलैपासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. अवजड गाडीसाठी सहा आठवड्यांत अडतीस तास, थिअरी वेगळी, प्रत्यक्ष चालवणं वेगळं. पडद्यासमोर बसून घाट उतरता येतो, असं यंत्रही मी बघितलं. चांगलं आहे. त्यात ब्रेक सुटला तर कुणी मरत नाही.

मी शाळा सोडून आता बरीच वर्षं झाली. वस्ताद गेले. त्यांच्या धाकट्यानं महामार्गाला हवा-पंक्चरचं दुकान टाकलंय. मी कधी त्या बाजूनं गेलो तर चहा पाजतो. आम्ही त्या कागदाबद्दल कधी बोललो नाही. एकदा मात्र त्यानं विचारलं, "मास्तर, त्या दिवशी वर्गात काय शिकीवलं हुतं तुमी? ज्या दिवशी मी नव्हतो?"

दुकानाच्या भिंतीला टायरवर लिहायचा खडू पडला होता. मी तो उचलला आणि जॅकच्या शेजारी, जमिनीवरच घाट काढायला लागलो. तो कुबडी बाजूला ठेवून खाली बसला. एक ट्रक हवा भरायला थांबला होता, त्याचा किन्नर उतरून जवळ आला आणि बघत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "उभा का? बस."